परसातलं बाकडं घरीच करायचं असेल तर (आणि गोव्याच्या पावसात टिकवायचं असेल तर)

मी पहिलं बाकडं केलं ते आंब्याच्या फळ्यांचं. दिसायला छान झालं होतं, आई संध्याकाळी तुळशीत दिवा लावून झाला की त्याच्यावर बसायची, आणि दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या चतुर्थीच्या आधी परस साफ करताना मागच्या पायाला अंगठा लावला तर अंगठा आत गेला. वरच्या फळ्या ठणठणीत, पाय मात्र खालून सहा इंच नुसता भुसा. खिळे गंजून लाकडावर काळे डाग, आणि पाय मी मातीत पुरले होते म्हणजे हलणार नाहीत म्हणून, तिथूनच वाळवी चढली.

आमच्या डिचोलीकडचे एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आहेत, त्यांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बाय, जोड करताना दर वेळी विचारायचं, हंय पाणी खंय रावतलें?" इथे पाणी कुठे थांबणार. दुसरं बाकडं मी ह्याच एका प्रश्नावर केलं आणि खाली जे काही लिहिलंय त्यातल्या अर्ध्या गोष्टींचं कारण तेच आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, त्यामुळे इंटरनेटवर परदेशातले जे सुंदर गार्डन बेंचचे व्हिडिओ असतात ते जसेच्या तसे इथे केले तर चालत नाहीत, हे आधीच सांगते.

आधी कधी करायचं ते. जानेवारी ते एप्रिल. लाकूड सुकलेलं असतं, हवेत दमटपणा कमी, तेल-पॉलिश नीट सुकतं. मे महिन्यात घाईत केलं तर शेवटचा हात द्यायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते. पावसात तर करूच नका, लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलेला जोड दिवाळीनंतर सैल होतो.

लाकूड कुठलं घ्यायचं

सगळ्यात जास्त विचार इथे करा, बाकी चुका दुरुस्त होतात, लाकडाची होत नाही.

साग परवडत असेल तर प्रश्नच नाही. पण सागाचाही फक्त गाभा टिकतो, बाहेरचा पांढरट भाग, म्हणजे सालीच्या आतला कच्चा थर, तो कुठल्याही लाकडाचा असो, त्याला भुंगा लागतो आणि तो लवकर कुजतो. सॉ मिलवाला "साग आहे" म्हणाला की खूश होऊन निघू नका, प्रत्येक फळी उलटसुलट करून बघा, कडेला पांढरा पट्टा असेल तर ती फळी बाजूला ठेवायला सांगा. नवीन लागवडीतल्या कोवळ्या सागात हा पांढरा भाग खूप असतो. त्यापेक्षा जुन्या घराचा साग मिळाला तर उत्तम. आपल्याकडे जुनी कौलारू घरं मोडतात तेव्हा वासे, दारांच्या चौकटी, माळ्याच्या फळ्या निघतात, पन्नास-साठ वर्षं सुकलेलं लाकूड असतं ते, त्यातले खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात नाहीतर करवतीचे दात जातात.

फणस हे माझं आवडतं. माझं दुसरं बाकडं फणसाचंच आहे. गाभा आधी पिवळाधमक असतो आणि उन्हात हळूहळू तांबूस तपकिरी होतो, काम करायला सागाएवढंच सोपं, आणि गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. ऐन, ज्याला आपण माट्टी म्हणतो, गोव्याचं राज्यझाड, ते मजबूत आहे पण जड आहे आणि सुकताना फाटतं, पिळवटतं, शिवाय हाताच्या करवतीने कापताना हात भरून येतात. पायांसाठी चालेल, सगळं बाकडं पहिल्यांदाच ऐनाचं करायला जाऊ नका. आकेशिया आता सगळीकडे मिळतं, स्वस्त आहे, कठीण आहे, नीट सुकलेलं असेल तर वाईट नाही. आंबा, रबर, आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधून मिळणारी पाइनची पॅलेटं, ही तिन्ही सोप्यावर (घराच्या ओसरीत) ठेवायच्या वस्तूंसाठी ठीक, उघड्यावर नको. पॅलेटवर हात बसवायला मात्र जरूर शिका, फुकटात सराव होतो.

भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, झाड पडलंय आणि त्याचं लाकूड वापरायचंय असं असेल तर एक लक्षात ठेवा, गोव्यात १९८४ पासून झाडं राखायचा कायदा आहे आणि स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. वाऱ्याने पडलेलं असलं तरी सॉ मिलपर्यंत नेण्याआधी जवळच्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारून या, टेम्पोत घालून वाटेत अडकण्यापेक्षा ते बरं. आणि ओलं लाकूड चिरून आणलं तर सुकायला वेळ द्या, सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असं रचून. जुना ठोकताळा आहे की एक इंच जाडीला एक वर्ष. आमचा फणस पडल्यावर मी सव्वा वर्ष थांबले, फळ्यांच्या टोकांना ऑइल पेंट फासून ठेवला होता कारण टोकांतून पाणी सगळ्यात लवकर उडतं आणि तिथूनच चिरा जातात.

माप आणि कापायची यादी

हे बाकडं ४ फूट लांब आहे, दोन माणसं आरामात, तीन दाटीवाटीने. बसायची उंची समोर १७ इंच, मागे थोडी कमी. मागे उतार ठेवायचा, पाठीला बरं वाटतं आणि पाणीही वाहून जातं. लाकूड तीनच साइझचं लागतं, सॉ मिलमध्ये रंधा मारून असंच मागा, सगळी मापं रंधा मारल्यानंतरची:

३ × २ इंच: पुढचे पाय २, प्रत्येकी १६ इंच. मागचे पाय २, प्रत्येकी सव्वापंधरा इंच.
३ × दीड इंच: आडव्या १७ इंची ५ (तीन बैठकीखाली, दोन खाली पायांमध्ये), पाठीचे खांब २, प्रत्येकी २७ इंच, आणि लांब पट्ट्या २, प्रत्येकी ४८ इंच.
३ × १ इंच: बैठकीच्या पट्ट्या ६, प्रत्येकी ४८ इंच. पाठीच्या पट्ट्या ३, प्रत्येकी ५१ इंच.

लाकूड घनफुटावर विकतात. हिशेब सोपा आहे, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ह्या यादीचं सुमारे १.६ घनफूट होतं, गाठी, फाटलेले भाग, करवतीची वाट धरून २ घनफूट घ्या. हा हिशेब स्वतः करून गेलात की समोरचाही नीट बोलतो. बाकडं सागाचं झालं तर साधारण तीस किलो भरतं, म्हणजे दोघांना उचलून पडवीत ठेवता येतं, आणि ते पुढे फार उपयोगी पडतं.

लोखंड

साधे खिळे नकोत. साधे काळे स्क्रू पण नकोत. साग, ऐन ह्यांच्यात जे नैसर्गिक द्रव्य असतं त्याची लोखंडाशी गाठ पडली आणि पाणी मिळालं की लाकूड निळं-काळं पडतं आणि स्क्रू आतून गंजत जातो. स्टेनलेस स्टील घ्या. दुकानात ३०४ ग्रेडचं मिळतं, डिचोली-फोंडा-साखळीकडे ते पुरतं. समुद्राजवळ घर असेल, मोरजी, कळंगुट, कोलवा असं कुठेही, तर खारी हवा ३०४ ला पण तांबूस डाग पाडते, तिथे ३१६ शोधा, होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. महाग आहे पण बोल्ट काय चौदाच लागतात.

८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट: १०० मिलिमीटर लांबीचे १२, १५० लांबीचे २, नट आणि दोन्ही बाजूला वॉशर. ८ नंबरचे स्क्रू ५० मिलिमीटरचे ५०-६०, आणि १० नंबरचे ७५ मिलिमीटरचे डझनभर. गोंद लावायचा तर वॉटरप्रूफ, मरीनवाला, साधा पांढरा गोंद पावसात परत दूध होतो. ह्या बाकड्याला खरं तर गोंद लागतच नाही, आणि मला तेच आवडतं, दहा वर्षांनी एखादी पट्टी गेली तर तेवढीच सोडवून बदलता येते.

हत्यारं

करवत, मेजपट्टी, गुण्या (काटकोन बघायची पट्टी), पेन्सिल, ड्रिल मशीन, ३ आणि साडेतीन आणि ८ मिलिमीटरची बिटं, स्क्रूच्या डोक्यासाठी खड्डा पाडायचं बिट, दोन सी-क्लॅम्प, स्पॅनर, पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचा. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) असेल तर चांगलं, नसली तरी चालेल, कारण ह्यात कुसू-भोकाचे (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या भोकात घालायचे) जोड नाहीत, सगळं एकावर एक ठेवून बोल्टने आवळायचं आहे. मेस्तांनी कुसू घालूनच केलं असतं आणि ते जास्त देखणं झालं असतं हे खरंय, पण नवशिक्याचं भोक थोडं सैल होतं आणि त्या सैल भोकात पाणी बसून राहतं. बोल्टचा जोड सैल झाला तर स्पॅनरने परत आवळता येतो.

डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. सागाच्या बारीक धुळीने कितीतरी जणांना खाज येते, सर्दीसारखं होतं. आणि सागात वाळूसारखा अंश असतो त्यामुळे धार लवकर जाते, मध्ये मध्ये करवतीला धार लावावी लागली तर तुमचं काही चुकतंय असं समजू नका.

आता कामाला

कापताना गुण्या फिरवून चारही बाजूंना रेघ मारा, एका बाजूला मारून सरळ कापायला गेलात तर खाली तिरकं जातं. रेघेच्या बाहेरून कापा. जोडीचे तुकडे, म्हणजे दोन पुढचे पाय, दोन मागचे, पाची आडव्या, एकाला एक चिकटवून तपासा, दोन मिलिमीटरचा फरक असेल तर आत्ताच घासून सारखे करा.

मग प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडा पॉलिश पेपरने किंवा रंध्याने गोल करा, पेन्सिलच्या गोलाईएवढ्या. काम कंटाळवाणं आहे पण सोडू नका. धारदार कडेवर तेल किंवा रंग टिकत नाही, पहिल्यांदा तिथूनच उघडं पडतं, आणि पाणी पण कडेवर थेंब होऊन लटकत राहतं, गोल कडेवरून सरळ ओघळतं.

जोडायच्या आधी तेलाचा एक हात. हो, आधी. जोडल्यानंतर दोन लाकडं जिथे एकमेकांना चिकटतात तिथे ब्रश जात नाही, आणि पाणी नेमकं तिथेच थांबतं. कुठलं तेल ते पुढे सांगते.

बाजूची चौकट

सोप्यावर किंवा सपाट फरशीवर पुढचा आणि मागचा पाय आडवे टाका, ३ इंची बाजू वर, दोघांची खालची टोकं एका सरळ रेघेत (भिंतीला टेकवा म्हणजे झालं), पुढच्याच्या पुढच्या कडेपासून मागच्याच्या मागच्या कडेपर्यंत बरोबर १७ इंच. वरच्या बाजूला १७ इंची आडवी ठेवा, दोन्ही पायांच्या डोक्यांच्या तीन मिलिमीटर वर येईल अशी. मागचा पाय पाऊण इंच आखूड आहे त्यामुळे ती आपोआप मागे उतरते. तीन मिलिमीटर वर का, तर बैठकीच्या पट्ट्या ह्या आडवीवर बसतील, पायाच्या डोक्यावर नाही. पायाचं डोकं म्हणजे लाकडाचं टोक, नळ्यांचं तोंडच ते, पाणी आत शोषून घेतं, तिथे थोडी हवा खेळायला हवी.

क्लॅम्प लावून पुढच्या पायाला दोन भोकं तिरक्या रेषेत, ८ मिलिमीटरची, आरपार, १०० चे बोल्ट. मागच्या पायाला ह्या आडवीसाठी सध्या एकच १०० चा बोल्ट, पायाच्या पुढच्या कडेपासून पाऊण इंचावर. मागच्या कडेची जागा मोकळी ठेवा, तिथे पाठीचा खांब येतोय. खाली, जमिनीपासून ४ इंचावर मध्य येईल अशी दुसरी आडवी, तिला प्रत्येक पायाला एक बोल्ट, आणि फिरू नये म्हणून बाजूला एक ५० चा स्क्रू.

दुसरी चौकट करताना थांबा. ह्याच ठिकाणी बहुतेक सगळे चुकतात, मीही चुकले आणि एक अख्खी संध्याकाळ बोल्ट सोडवत बसले. दुसरी चौकट पहिलीसारखी करायची नसते, आरशात दिसते तशी करायची असते. आडव्या दोन्हीकडे आतल्या बाजूला यायला हव्यात. पहिली चौकट उभी करा, तिच्यासमोर दुसरीचे पाय उभे करून बघा, आतली बाजू कुठली ते पेन्सिलने लिहा, "आत" आणि "बाहेर", मग आडवी टाकून भोकं पाडा.

पाठीचा खांब

खांब मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला लागतो. कोन मोजायला काही साधन नको. पायावर दोन खुणा करा: वरची डोक्यापासून दीड इंच खाली आणि पायाच्या मागच्या कडेपासून पाऊण इंच आत. खालची तिच्या ७ इंच खाली आणि पुढच्या कडेपासून पाऊण इंच आत. म्हणजे ७ इंचांत दीड इंच कलतो, तेवढा कल पाठीला बरोबर होतो, ना ताठ ना झोपल्यासारखा. खांबाच्या रुंदीच्या मधोमध एक रेघ मारा, ती ह्या दोन्ही खुणांवरून जाईल असा खांब ठेवा, खालचं टोक खालच्या खुणेच्या इंचभरच खाली. खांब जमिनीला टेकत नाही, हे मुद्दाम आहे. वरच्या भोकातून १५० चा बोल्ट, तो खांब, पाय आणि आडवी तिन्हींना एकत्र बांधतो. खालून १०० चा. १५० चा थोडा लांब पडतो, आत निघालेलं टोक कापून कानशीने घासून टाका, नाहीतर बैठकीखाली झाडू मारताना हात कापतो.

आता दोन्ही चौकटी उभ्या करायला दुसरा माणूस लागतोच. ४८ इंची एक पट्टी पुढच्या पायांच्या पुढच्या अंगाला, दुसरी मागच्या पायांच्या मागच्या अंगाला, वरच्या कडा आडव्यांच्या लेव्हलला, टोकं पायांच्या बाहेरच्या बाजूशी बरोबर. प्रत्येक जोडाला ७५ चे दोन स्क्रू, एक वर एक खाली, बोल्ट मधून गेलाय तो चुकवून. सगळे पक्के आवळायच्या आधी कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरा, दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. मग मधली आडवी, लांब पट्ट्यांच्या बरोबर मधोमध आत बसवून दोन्हीकडून ७५ चे दोन-दोन स्क्रू. पुढून-मागून टोकात मारलेला स्क्रू तेवढा पकडत नाही म्हणून तिच्या खाली आतल्या कोपऱ्यात उरलेल्या लाकडाचा ठोकळा स्क्रूने लावा. १ इंच जाडीची पट्टी ४ फूट मधल्या आधाराशिवाय ठेवलीत तर दोन वर्षांत झोळी होईल, त्यामुळे ही आडवी वगळू नका.

पट्ट्या

सहा पट्ट्या, मध्ये १० मिलिमीटर फट. प्लायचा १० मिलिमीटरचा तुकडा मध्ये धरत गेलात की मोजावं लागत नाही. पुढची पट्टी पुढच्या लांब पट्टीच्या कडेशी बरोबर, तिथून मागे जात जा, सहावी मागच्या कडेला बरोबर पोचते. फट कमी करायचा मोह होतो कारण बंद बैठक जास्त सुबक दिसते, पण आपल्याकडे परसात पानं पडतात, मोहोर पडतो, बारीक फटीत तो कचरा अडकतो आणि स्पंजासारखा ओला राहतो, १० मिलिमीटर असली की झाडूच्या एका हिराने निघतो.

प्रत्येक पट्टीला तीन ठिकाणी, दोन-दोन स्क्रू, आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडूनच, विशेषतः टोकांजवळ, नाहीतर फाटते. लांब स्क्रूंना साडेतीनचं भोक. स्क्रूला मेणबत्ती घासा, सुरळीत जातो. स्क्रूचं डोकं पट्टीच्या अगदी लेव्हलला आणा, खोल नाही. खोल गेलं की वर वाटी तयार होते आणि बारा-बारा तास पाणी भरलेली राहते. चुकून गेलंच खोल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा एपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) कालवून भरून टाका.

पाठीच्या तीन पट्ट्या खांबांच्या पुढच्या अंगाला, पहिली बैठकीपासून ४-५ इंच वर, प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. मागून मधोमध एक उभा तुकडा लावून तिन्ही एकत्र बांधा, माणूस टेकला की मग एकच पट्टी वाकत नाही. ह्या पट्ट्या बसल्यावर आधी डगडगणारी चौकट एकदम घट्ट होते, तो क्षण फार समाधानाचा आहे.

आई बसताना-उठताना हाताला आधार शोधते म्हणून मी नंतर हात पण लावले, बैठकीपासून ८ इंच वर. घरात वयस्क माणूस असेल तर लावाच, पुढचे पाय ३ × २ चेच पण ९ इंच जास्त लांब कापायचे, आणि हाताची पट्टी वरून पायाच्या डोक्यावर आणि मागे खांबाला. हाताची पट्टी जरा पुढे काढा, उठताना माणूस पकडतो ते तिचं पुढचं टोक. लांब पायामुळे बैठकीच्या पुढच्या पट्ट्यांना पायाभोवती खाच पाडावी लागते, म्हणून पहिल्यांदा करताय तर हे आधी कागदावर काढून बघा.

पाय

सपाट फरशीवर ठेवून हलतंय का बघा. एखादा पाय अधांतरी असेल तर त्याच्याखाली पातळ पुठ्ठे घालून स्थिर करा, एक जाड पट्टी चारही पायांना टेकवत त्यावर पेन्सिल फिरवून रेघ मारा, तेवढं कापा. मग बाकडं उलटं करून पायांच्या तळाच्या कडा थोड्या उतरत्या घासा म्हणजे ओढताना चिलपा उडत नाही, आणि तळाला एपॉक्सी पाजा. पाजा असंच म्हणते कारण पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा दिल्यावर वर चकाकी येते, तेव्हा तोंड बंद झालं समजायचं.

आपल्याकडे जुनी पद्धत आहे, होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलाचं काळं तेल लावायची. पायांच्या खालच्या सहा इंचांना ते मीही लावलं, वाळवी अजून फिरकलेली नाही. पण ते तेल कातडी जाळतं, सरळ फोड येतात, जाड हातमोजे घालूनच, आणि बसायच्या भागाला अजिबात नाही. एपॉक्सी तळाला आधी, ती पूर्ण सुकली की मग हे तेल बाजूंना.

पाय मातीत पुरायचे नाहीत. चिऱ्यावरही (जांभ्या दगडावर) ठेवू नका, सगळे ठेवतात कारण चिरा घरात पडलेला असतोच, पण चिरा पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावर कितीतरी दिवस ओला राहतो. चिरा ठेवायचाच तर त्यावर ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याचा तुकडा टाका, फरशीवाल्याकडे असे कापून उरलेले तुकडे सहज मिळतात, आणि त्यावर पाय.

तेल

चमकणारं व्हार्निश मला उघड्यावर पटत नाही. पहिलं वर्ष काचेसारखं दिसतं, मग उन्हाने कुठेतरी बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं आणि खालून बाहेर येऊ शकत नाही, पापुद्रे सुटतात आणि सगळं खरवडून परत करावं लागतं. तेल लाकडात मुरतं, सुटत नाही, वर्षाला एक हात द्यायचा. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीरोधक घातलेलं टीक ऑइल घ्या. नुसतं जवसाचं तेल इथे नको, दमट हवेत बुरशी ते खाते आणि जुलैत बाकडं काळं ठिपकेदार होतं.

१२० नंबर, मग १८० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासून, धूळ पुसून, फडक्याने पातळ तेल लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढा. वर साचलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तिसऱ्या दिवशी तिसरा, टोकांना जास्त. आणि हे नीट वाचा: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा बादलीत टाकू नका. असं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यात ती अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघडी पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुढची काळजी

मेच्या शेवटी, पहिली सर यायच्या आधी, बोल्ट आवळायचे, पायांवर मातीच्या नळ्या दिसतात का ते बघायचं (नळी दिसली म्हणजे वाळवी चढतेय), जमलं तर बाकडं पडवीत घ्यायचं. पडवीत जागा नसेल तर माडाखालून तरी हलवा, नारळ पडला की एक इंचाची पट्टी काय टिकणार. निळं प्लास्टिक गुंडाळून बांधू नका, आत वाफ कोंडते आणि ते उघड्या पावसापेक्षा वाईट. पावसाने हिरवा थर आलाच तर साबणाचं पाणी आणि नारळाची किशी, प्रेशरचा पंप नको, लाकडाचे तंतू उपटून निघतात. पाऊस गेल्यावर ऊन पडलं की चार दिवस सुकू द्या, १८० चा पेपर हलका मारा, तेलाचा एक हात.

फणसाचं बाकडं आता पाच पावसाळे पाहून झालंय. मधली एक पट्टी गेल्या वर्षी बदलली, गाठीजवळ चीर गेली होती, सहा स्क्रू सोडवले, नवीन बसवली, अर्धा तास. ती अजून पिवळी आहे आणि बाकीच्या तांबूस, म्हणून आई मुद्दाम तिच्यावरच बसते.